व्याधाचे रंग

आमच्या मार्गासनी गावात माझ्या नजरेवर शंका घेणारी एकच बाई, ती म्हणजे माझी बायको. तीस वर्षं टेम्पो चालवला, भाताची पोती भोरला पोचवली, कुणाच्या शेळीलासुद्धा धक्का लागू दिला नाही. आणि ही म्हणे, "तुमाला नीट दिसत न्हाई. टेम्पो इकून टाका."

निमित्त मीच दिलं. पौषातली संध्याकाळ, अंगणात चहा पीत बसलो होतो. पूर्वेच्या डोंगरावर मोठी चांदणी वर आली होती. सहज बोलून गेलो, "बघ की, घडीत तांबडी, घडीत हिरवी, घडीत निळी!" झालं! बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. तिच्या भावाला असेच दिव्याभोवती रंग दिसायचे आणि त्याला मोतीबिंदू निघाला होता.

टेम्पो गेला तर मी करू काय? ओट्यावर माशा मारत बसू? माझं डोकंच फिरलं. तिला तसाच घेऊन गेलो शेजारच्या सरांकडं. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले.

सर अंगणात आले. "अहो, तो व्याध. ही तिकांड्याची तीन चांदण्यांची ओळ, तिची रेघ खाली नेली की सापडतो. रात्रीच्या आभाळात याच्याइतका ठळक तारा दुसरा नाही. सूर्याच्या पंचवीसेक पट उजेड. आणि ताऱ्यांच्या मानानं अगदी शेजारी, आज दिसतोय तो उजेड तिथून साडेआठ वर्षांपूर्वी निघालाय. मूळचा पांढराशुभ्र. पण खाली असला की आपल्या हवेतून येताना उजेड हेलकावतो, म्हणून रंग दिसतात. मलाही दिसतायत."

बायकोनंही डोळे बारीक करून पाहिलं. "अवं, व्हय की! हिरवा झाला!"

मी मिशीवर ताव दिला.

सरही रंगात आले होते. म्हणाले, "आता नजर वर न्या. कृत्तिकांचा झुपका दिसतोय? चांगली नजर असली की सहा चांदण्या मोजता येतात."

बायको मोजायला लागली. "...चार, पाच, सहा."

मी बघत राहिलो. "तिथं ढग आलाय," मी ठणकावून सांगितलं.

बायको अगदी हळू म्हणाली, "ढग न्हाई कुठं."

रोज मी जातो त्या रस्त्याच्या कडेनं शाळेची पोरं चालत असतात.

तीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिला म्हणालो, "उद्या भोरला एस्टीनं जाऊ. डोळे दाखवायला."