उघड्या हातांचा उन्हाळा

डॉक्टरांनी लाकडी पट्टी माझ्या घशाला लावली आणि मी ती चावली.

चावायचं मनात नव्हतं. घशाला काही लागलं की माणसाला उमासा येतो, मलाही यायला हवा होता. त्याऐवजी माझे दात मिटले आणि पट्टी मध्येच अडकली. वाशीच्या त्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, फार शांत. "सोडा," म्हणाल्या. मला सोडता येईना. त्यांनी पट्टी तशीच राहू दिली, उठून ट्यूबलाइट बंद केली आणि माझ्या बायकोला, नीताला, दबक्या आवाजात म्हणाल्या, "टेटॅनस आहे. यापुढे यांच्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही. आणि आजच ॲडमिट करायचंय."

टेटॅनस म्हणजे धनुर्वात. जखमेतून एक जंतू आत जातो, विष तयार करतो आणि ते विष नसांवर चढतं. मग स्नायू आखडायला लागतात. बहुधा सुरुवात जबड्यापासून होते. त्याला डॉक्टर ट्रिसमस म्हणतात, म्हणजे आपली दातखीळ. साहेबांसमोर दातखीळ बसली असं मी शंभरदा म्हटलं असेल. खरी बसते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं आणि ते पुसायला हात वर न्यायचीही भीती वाटते.

हे सगळं लिहायचं कारण साधं आहे. उन्हाळ्यात डोंगरात सायकल न्यायची तर हातमोजे घालावेत का, असं मला अजून लोक विचारतात. ऐरोलीत मी 'सायकलवाले' म्हणूनच ओळखला जातो. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण त्या एका वाक्यापायी मी काय भोगलं ते सांगितल्याशिवाय मला ते देववत नाही.

त्या वर्षांत जाड टायरच्या, सरळ हँडलच्या, गिअरच्या सायकली नव्याने आल्या होत्या. मी रबाळ्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर वाकून पाठ गेलेली. पस्तिशी उलटल्यावर अशी सायकल घेतली तेव्हा सोसायटीत चेष्टा झाली. नीता म्हणाली, "स्कूटर विकून सायकल घेणारे तुम्ही पहिलेच." पण रविवारी सकाळी महापेच्या मागच्या डोंगरात, दगडखाणींच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर सायकल उडायला लागली की मी कोणाचा नवरा नव्हतो आणि कोणाचा नोकर नव्हतो.

मी शिस्तीचा माणूस. पहिल्या दिवसापासून हातमोजे घालायचो, व्यायामशाळेत वापरतात तसले, अर्ध्या बोटांचे, चामड्याचे. थंडीत ठीक चाललं. एप्रिल लागला आणि हात शिजायला लागले. मोजे काढले की आतून पाणी निथळायचं, वाळले की चामड्यावर मिठाचे पांढरे डाग. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली, रात्रंदिवस खाज. कातडीच्या डॉक्टरांनी फंगल इन्फेक्शन सांगितलं, म्हणजे बुरशी. "घाम कोंडतोय. उन्हाळाभर मोजे बंद. हाताला हवा लागू द्या," ते म्हणाले. सल्ला चुकीचा नव्हता. मलम लावलं, हात उघडे ठेवले, आठवडाभरात कातडी सुधारली.

माझ्या कंपनीतला म्हात्रे, बोनकोड्याचा, स्टोअर सांभाळायचा. तो तर आधीपासून हसत होता. "सायेब, या उन्हान मोजं कोन घालतं? हात काय वितळतान काय तुमचं?" मोजे सुटले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला.

मे महिन्यात खाणीच्या उतारावर मागचं चाक खडीवरून घसरलं आणि मी पडलो. पडताना माणूस हात पुढे टेकतो, तसा टेकला. उजवा तळवा खरचटला, मनगटाजवळ थोडं रक्त आलं. खालच्या तबेल्याजवळ म्हशींचा हौद होता, त्यात हात बुडवून धुतला. गार पाणी बरं वाटलं. गुडघ्याला जास्त लागलं होतं, त्यामुळे घरी येऊन बर्नॉल लावलं ते गुडघ्याला. तळवा दोन दिवसांत वाळला. टीटीचं इंजेक्शन घ्यावं हे मनात आलंसुद्धा नाही. ते गंजलेल्या खिळ्यासाठी असतं, असा आपल्याकडे समज. शिवाय मला लहानपणी टोचलेलं होतं, दंडावर चांगला रुपयाएवढा व्रण आहे.

आठवड्याने जबडा जड वाटायला लागला. पोळीचा घास चावताना गाल दुखायचे. नीता म्हणाली, "अक्कलदाढ येत असेल. उशिरा का होईना." आम्ही दोघं हसलो, आणि हसताना माझं तोंड अर्धवटच उघडलं. मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा आत सरकवायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग आरसा खाली ठेवून विचारलं, "मान पण आखडलीय का?" आखडली होती. त्यांनीच मला दोन इमारती पलीकडे त्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

पट्टी सुटल्यावर बाईंनी विचारलं, "टीटी कधी घेतलं होतं?" मला धड बोलता येत नव्हतं. मी बाही वर केली आणि ऐटीत दंडावरचा व्रण दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि हळूच माझी बाही खाली केली. "ही देवीची लस. देवी जगातून गेल्या. धनुर्वाताशी हिचा काही संबंध नाही." मग नीताकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सेफ आहात. बायकांना गरोदरपणात टीटी मिळतं. पुरुषांना कोण देतंय? माझ्याकडे येतात ते बहुतेक बाप्येच."

खाडीपलीकडे मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं ठरलं, कारण धनुर्वाताची वेगळी खोली तिथे होती. म्हात्रेने सरकारने घेतलेल्या जमिनीच्या पैशांतून मारुती व्हॅन घेतली होती, ती काढली. मागच्या सीटवर उशा रचल्या, काचांना चादरी बांधल्या. वाशीच्या पुलावरून सगळी वाट त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यालाच कळेल ही काय गोष्ट आहे. तरी एका ट्रकने शेजारून वाजवलाच, आणि माझं अंग पहिल्यांदा वाकलं.

त्याला स्पाझम म्हणतात, म्हणजे झटका. पाठ कमानीसारखी उचलली जाते, टाचा आणि डोकं तेवढं टेकलेलं राहतं. श्वास अडकतो. मिरगीत शुद्ध जाते, तसं इथे होत नाही. सगळं कळत असतं. आपलंच हाड मोडेल की काय असं वाटतं, आणि ओरडता येत नाही कारण जबडा मिटलेला असतो. लहानसा आवाज, उजेड, अंगाला कोणाचा धक्का, एवढं त्याला पुरतं.

म्हणून ती खोली अंधारी होती. खिडक्यांना काळे पडदे, दाराच्या बिजागरीला तेल, नर्सच्या पायांत रबरी चपला. माझ्या कानांत कापूस. इम्युनोग्लोब्युलिन दिलं, म्हणजे शरीरात फिरणाऱ्या विषाला गाठून निकामी करणारं औषध. "नसांवर चढलेलं विष मात्र काढता येत नाही," तिथले डॉक्टर कानाशी येऊन म्हणाले, "ते उतरेपर्यंत तुम्हाला जगवायचं, एवढंच आमचं काम." सलाइनमधून डायझेपाम चालू होतं, स्नायू सैल पडावेत म्हणून. नाकातून नळी पोटात. तळव्याची वाळलेली जखम त्यांनी पुन्हा उघडली, तेव्हा आत खडीचा काळा कण निघाला, मोहरीएवढा. श्वास बंद पडला तर गळ्याला छेद द्यायची हत्यारं उशाशी झाकून ठेवली होती. झाकली असली तरी मला ती दिसायची.

खोलीत आणखी एक खाट होती. मध्ये हिरवा पडदा. पलीकडच्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्याची लोखंडी खाट मात्र मी ओळखायचो. त्याला झटका आला की ती थरथरायची, एक बारीक खडखड सुरू व्हायची, आणि त्या खडखडीने मला झटका यायचा. मग माझी खाट वाजायची आणि त्याला यायचा. आम्ही दोघं न बोलता एकमेकांना छळत होतो. मला त्याचा राग यायचा, हे खोटं कशाला सांगू. त्यालाही माझा येत असणार.

एका दुपारी खडखड थांबली. ती परत आली नाही. मला वाटलं, बरा झाला, हलवला त्याला. सुटला लेकाचा, असंही वाटलं. त्या दुपारी मला कितीतरी दिवसांनी लागून झोप आली, आणि उठल्यावर जबडा बोटभर उघडला. डॉक्टर म्हणाले, आता उतार आहे.

उतार फार हळू होता. पाऊस सुरू झाला तो मी काळ्या पडद्याआडून ऐकला. पेज गिळायला शिकलो, भिंत धरून चालायला शिकलो. घरी सोडताना डॉक्टरांनी दंडावर टीटी टोचलं आणि पुढचे डोस कधी घ्यायचे ते सांगितलं. मी विचारलं, आता मोजे घालीनच, पण एवढं होऊन परत हे कशाला? ते म्हणाले, "हा आजार होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही. लशीनेच मिळतं. मोज्यांनीही नाही." हे वाक्य पाठ करून ठेवा.

घरी आलो आणि ती खोली माझ्याबरोबर आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी नीता मला बाल्कनीत पाठवायची. पंख्याचं पातं जरा खडखडलं, रस्त्यावरून डंपर गेला आणि खिडकीची काच थरथरली, की मला पडद्यापलीकडची खाट ऐकू यायची. अंग आखडायचं नाही, पण मी आखडण्याची वाट बघत बसायचो. मुलगा परवचासुद्धा कुजबुजत म्हणायचा. आपलं घर आपल्यामुळे असं झालेलं पाहणं वाईट असतं.

दिवाळीच्या सुमाराला एकदा मी नीताला विचारलं, "तो शेजारचा कुठला होता गं? बरा होऊन गेला तो?"

ती भाजी चिरायची थांबली. "बरा नाही झाला," म्हणाली.

त्याचं नाव बाळाराम, तळोज्याकडच्या नावड्याचा. भाडेकरूंसाठी खोली बांधत होता, शटरिंगच्या फळीतला खिळा पायात गेला. त्याची बायको गुलाब आणि नीता बाहेरच्या बाकावर एकत्र बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. त्या दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी गुलाबला सांगितलं. खोलीचं दार उघडं होतं. "तिने तोंड उघडलं," नीता म्हणाली, "आणि मी, अहो, मी काहीच बोलले नाही. फक्त आत तुमच्या खाटेकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी तिला धरून जिना उतरले. गेटच्या बाहेर जाईपर्यंत तिने तो काढला नाही. म्हणाली, तुजा मानूस हाय ना आत."

मी ज्या दुपारी गाढ झोपलो होतो, ती ही दुपार.

आता मोज्यांचं. घाला. चामड्याचे नकोत, पातळ सुती घ्या. दोन जोड ठेवा, एक भिजला की बदला, घरी आल्यावर हात धुऊन कोरडे करा. बेचक्या सोलल्या तर थोडे दिवस सायकलच बंद ठेवा. पण मोजे घातले असोत की नसोत, खरचटलं तर वाहत्या पाण्याने साबण लावून धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. टीटी घेतलंय का हे आठवत नसेल तर घेतलेलं नाही असंच धरा. आणि दंडावरचा व्रण कोणाला दाखवू नका.

नावड्याला आम्ही दोघं गेलो ते पुढच्या उन्हाळ्यात. तळोज्याच्या कारखान्यांच्या धुरात ते घर होतं, अर्धवट बांधलेली खोली तशीच उभी. गुलाबताई माझ्याहून लहान निघाल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, नीताला मुलाबद्दल विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमाला आता आवाजाचा तरास होतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "आता काही होत नाही."

त्यांनी मान हलवली. ग्लास खाली ठेवला, नीताचा हात धरला आणि मोठ्याने रडायला लागल्या. वर्षभर त्या रडल्याच असतील, पण माझ्यासमोर रडायचं राहिलं होतं. तो आवाज घरभर भरला, बाहेर अंगणात गेला, शेजारची माणसं दारात आली. मी समोर बसून होतो. मी कानांवर हात ठेवले नाहीत. सगळं ऐकलं.