विकत आणलेलं शेवाळ

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना तुम्ही म्हणाल, एवढी चांगली बाई सासऱ्यांना असं कसं बोलली? मी चांगली बाई आहे, पण सकाळी अकरापर्यंत. अकरानंतर ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाया यायला लागतात, 'गळा मोठा झाला', 'बाही तंग झाली' सुरू होतं, आणि मग माझं काही खरं नसतं.

धाराशिवात आमचं घर तसं लहानच. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. त्याच खिडकीच्या कट्ट्यावर गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या लेकीनं एक छोटी काचेची टाकी आणून ठेवली. लेक पुण्यात नोकरीला आहे, एका खोलीत तिघी राहतात, आणि त्या खोलीची खिडकी नेमकी पश्चिमेला; दुपारच्या उन्हानं टाकी तापायची, म्हणून ती आमच्याकडं. टाकीत मासे नव्हते. तळाला बारीक वाळू, दोन गोटे आणि मधोमध लिंबाएवढा एक हिरवागार गोळा, मखमलीचा शिवलेला असावा तसा.

"आई, हा मारिमो," ती म्हणाली. "थंड देशातल्या तळ्यांत होतो. याला काही म्हणता काही लागत नाही. गार पाणी, बेताचा उजेड. आठवड्याला पाणी बदलायचं, हातात घेऊन हलकेच पिळायचा आणि परत सोडायचा."

"वाढतो का?"

"वर्षाला ज्वारीच्या दाण्याएवढा."

लिंबाएवढा व्हायला याला किती वर्षं लागली असतील, असं माझ्या मनात आलं. लेक म्हणाली, "कॉलेजपासून माझ्यासोबत आहे. जप हं याला." तिच्या आवाजावरून कळलं, की ही गंमत नाही.

तेवढ्यात माझे सासरे आतून आले. त्यांना मी मामा म्हणते. मामा ढोकीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीचे नळ सोडणारे. उभी हयात व्हॉल्व्ह फिरवण्यात, पाइप जोडण्यात आणि उंच टाकी धुण्यात गेली. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना इकडं आणलं. आले खरे, पण रमले नव्हते. गावच्या घराला कुलूप, आणि त्याची किल्ली सदऱ्याच्या खिशात. दिवसातून दहा वेळा ती चाचपायची आणि नळाला पाणी कधी येणार ते विचारायचं, एवढंच त्यांचं चाललेलं असायचं. आमच्याकडं आठवड्यानं पाणी येतं. म्हणजे मामांचा आठवड्यात एकच दिवस बरा जायचा.

मामांनी चष्मा लावला, टाकीवर वाकले, नाक जवळ नेलं.

"हे तर शेवाळ हाय."

"व्हय आबा, शेवाळच," लेक हसून म्हणाली.

"अन् हे इकत आणलं?" मामा माझ्याकडं वळले. "सूनबाई, जलमभर म्या ह्याच्या पाठी लागलो. टाकीत उतरून खरवडून खरवडून हाताची सालटी गेली माझ्या. मला म्हणली असती तर गाडी भरून दिलं असतं की!"

लेकीच्या बाबांना इतकं हसू आलं, की चहा सदऱ्यावर सांडला.

लेक गेली आणि उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे मशीनच्या चाकाला हात लावला तरी चटका बसावा. टाकीतलं पाणी कोमट झालं आणि गोळा एका बाजूनं तपकिरी दिसायला लागला. मी घाबरून बर्फ टाकायला निघाले, तर मामांनी हात धरला.

"बर्फानं लगीच झटका बसंल त्याला. माठ कसा गार ऱ्हातो? तसंच करू."

त्यांनी टाकी खिडकीतून उचलून आतल्या कोपऱ्यात नेली. मोठ्या परातीत ओली वाळू पसरून तिच्यावर टाकी ठेवली, भोवती ओलं पोतं गुंडाळलं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या पोत्यावर तांब्यानं पाणी मारायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवसापासून पाण्याला हात लावला की माठाची आठवण यायची. गोळ्याचा तपकिरी डाग पुढच्या महिन्याभरात विरला. मला मनापासून कौतुक वाटलं, आणि कधी नव्हे ते मी तसं बोलूनही दाखवलं.

त्यानंतर गोळा मामांचाच झाला. सकाळी त्याच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरेना. उजेड चांगला असला की त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरायचे आणि दुपारी तो हळूच वर तरंगायचा, संध्याकाळी परत तळाशी. मामा गल्लीतल्या एकेकाला घरात ओढून आणायचे आणि दाखवायचे, "बगा, टाकीतल्या फ्लोटावानी वर आलाय." ब्लाउजची बाही तंग झाल्याची तक्रार घेऊन आलेली बाई शेवाळ बघून हसत परत जायची. माझा धंदा सुधारला म्हणायचा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली: खिशातली किल्ली चाचपणं आता दिवसातून दोन वेळांवर आलं होतं.

मग पावसाळा लागला, आणि नळाला पाणी गढूळ यायला लागलं.

गावात असताना पावसाळ्यात गढूळ पाणी दिसलं, की मामांचा हात आधी टीसीएल पावडरीच्या डब्याकडं जायचा. जंतू मारायची पांढरी पावडर ती. एक डबा ते इकडंही घेऊन आले होते, आमच्या हौदात टाकायला. त्या दिवशी त्यांनी हौदात पावडर टाकली, हात धुतला, गोळ्याच्या टाकीतलं पाणी बदललं. नवं पाणी जरा मातकट दिसलं. हात आपोआप डब्यात गेला, आणि चिमूटभर पावडर गोळ्याच्या टाकीत पडली. इतक्या वर्षांची सवय. त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

तीन दिवसांनी मामांनी मला हाक मारली. "सूनबाई, ह्याला काय झालं गं?"

गोळा पांढराफटक पडला होता. मी वाकले आणि पावडरीचा वास आला. तो वास कुणालाही कळतो.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. लेकीला काय तोंड दाखवू इथपासून सुरुवात केली आणि शेवटी म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही!"

म्हण तोंडातून गेली आणि मग तिचा अर्थ माझ्या कानात शिरला. समोर पंचाहत्तरीचा माणूस उभा होता. पावडरीचा डबा उचलून मामांनी अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. संध्याकाळी दाराजवळच्या खुंटीला त्यांची कापडी पिशवी लटकत होती, कपडे घालून फुगलेली.

"उद्या गावाकडं जातो," ते मुलाला म्हणाले. "घर उघडून बगायला पायजे."

त्या घरात चूल पेटवायलाही कुणी नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला रडू येत होतं, पण माफी मागायला माझी जीभ कधी पटकन वळलेली नाही. बोलायला मात्र कात्रीसारखी चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लेकीला फोन केला. "समज, तो गोळा पांढरा पडला, तर काय करायचं?"

"पांढरं काढून टाकायचं. आत हिरवं राहिलं असेल तर ते हातावर गोल वळायचं, वरून दोरा गुंडाळायचा. का गं?"

"काही नाही, सहज."

मामा चपला घालत होते. मी स्टीलच्या ताटलीत तो गोळा, धागे कापायची माझी छोटी कात्री आणि सुती दोऱ्याचं रीळ घेतलं आणि ताटली सरळ त्यांच्यापुढं ठेवली.

"मामा, मला हे जमायचं नाही. तुम्ही करून जा."

मामांनी चपला काढल्या.

गोळा मामांनीच फोडला. बाहेरचं सगळं गेलेलं, पण आत, अगदी पोटात, जुन्या बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा गाभा होता. "हाय!" मामा म्हणाले. "आजून जीव हाय." पांढरं कापून टाकल्यावर जे उरलं त्याचे सात तुकडे झाले. येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला शेतावर न्यायला आपण ज्वारीचे उंडे वळतो ना, तसे मी ते तळहातावर वळले. बोराएवढे सात गोळे झाले. दोरा मात्र मामांनी गुंडाळला. पाणी गळू नये म्हणून पाइपच्या आट्यांवर ताग गुंडाळतात तसा, एकाच दिशेनं, ताण सारखा ठेवून. मी इतकी वर्षं दोऱ्यात काढली, पण एवढा साफ हात माझा नाही.

काम झाल्यावर ते म्हणाले, "पोरगी येळवसला येनार ना? तिला म्या माझ्या तोंडानं सांगतो, पावडर म्याच टाकली. मंग जातो. तंवर ऱ्हातो."

पिशवी खुंटीवर तशीच राहिली. मी झाडताना रोज तिच्याखालून वाकून जायची, तिला हात न लावता.

आता टाकीत घालायचं पाणी मामा दोन दिवस आधी पातेल्यात उघडं ठेवायचे, पावडरीचा अंश उडून जावा म्हणून. सातही गोळ्यांना रोज एकदा बोटानं हळूच फिरवायचे. श्रावण गेला, पोळा गेला, गौरी जेवून गेल्या, गोळे तसेच. कुठं कुठं पांढरे ठिपके, बाकी मळकट. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, "काका, हे मेलंय का जितं?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मामा म्हणाले, "बगू. घाई न्हाय त्याला." पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट; त्या वर्षी लेकीला दिवाळीची सुट्टी मिळाली नव्हती. आभाळ निवळलं होतं, टाकी परत खिडकीच्या कट्ट्यावर आली होती. मी काज करत बसले होते, आणि मामांची हाक आली, "सूनबाई! पळ!"

सातातला सगळ्यात बारका गोळा पाण्याच्या वर तरंगत होता. दोऱ्याच्या आतून हिरवी लव फुटली होती आणि तिच्यावर बुडबुडेच बुडबुडे. मी डोळे पुसले आणि नीट पाहिलं, तर तळातल्या बाकीच्यांनाही लव होती. मला इतका आनंद झाला, की मी सासऱ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मामाही वाजवायला लागले. मग मला हसूही आलं आणि रडूही, आणि त्या गडबडीत जीभ वळली.

"मामा, त्या दिवशी मी नको ते बोलले. चुकलं माझं."

"न्हाय न्हाय," मामा टाकीवरची नजर न हलवता म्हणाले. "म्हण खरीच हाय. खोड जायची न्हाय. आता ह्यांची खोड लागलीया."

मला बरं वाटलं. पण पिशवी काही खुंटीवरून उतरली नाही. मामा शब्दाचे पक्के.

येळवसच्या आदल्या दिवशी लेक आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच मामांनी तिचा हात धरून तिला टाकीपाशी नेलं आणि समोर हात जोडले.

"माय, तुझा गोळा म्या मारला. सवयीनं पावडर टाकली. तुझ्या आईचा काय बी दोष न्हाय."

लेक टाकीत बघत होती. सात हिरवेगार गोळे, त्यांतले तीन वर. तिनं बोटानं मोजले, पुन्हा मोजले.

"आबा," ती म्हणाली, "मी एक ठेवून गेले होते."

"व्हय माय."

"तुम्ही मला सात देताय, आणि वर माफी मागताय?" आणि तिनं आजोबांना अशी घट्ट मिठी मारली, की त्यांचा चष्मा वाकडा झाला. "मला यातला एक पुण्याला द्या. बाकीचे तुमच्याकडंच ठेवा. तुमच्याशिवाय कोण बघणार त्यांच्याकडं?"

मामांनी चष्मा सरळ केला. सगळ्यात आधी तरंगलेला तो बारका गोळा त्यांनी काचेच्या बरणीत घातला, झाकण लावलं आणि बरणी हिंदकळू नये म्हणून न्यायला काहीतरी शोधू लागले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग दाराकडं गेले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

दोन पायजमे, दोन सदरे, एक टॉवेल बाहेर आला. त्यांनी तो गठ्ठा माझ्या हातात दिला आणि रिकाम्या पिशवीत बरणी उभी बसवली. मग खिशातून गावच्या घराची किल्ली काढली.

"ही तुझ्या मशीनच्या खणात ठिव," ते म्हणाले. "खिशात उगंच टोचती. अन् कापडं धुवायला टाक, लई दिवस कोंडून ऱ्हायलीत."

मी किल्ली खणात ठेवली, रिळांच्या खाली, अगदी मागं. आणि कपडे लगेच नेऊन भिजत घातले, त्यांचं मन बदलायच्या आत.