सर्व्हरला ऊन लागू न देणारे काका

यंत्रावर आमच्या लॅबवाल्या काकांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या अमरावतीत दुसरा सापडायचा नाही. कागदोपत्री ते कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचे परिचर, पण स्वतःला ते फाइल सर्व्हरचे पालकच समजत. आम्हा सगळ्यांच्या फायली सांभाळणारा तो काळा डबा मागच्या छोट्या खोलीत असे आणि तिथे काका चपला काढून जात. सकाळी आधी त्याची विचारपूस, मग आमची. लू लागू नये म्हणून आपल्याकडे लोक खिशात कांदा ठेवतात. काकांनी एक स्वतःच्या खिशात आणि एक सर्व्हरच्या डोक्यावर ठेवला होता. विभागप्रमुख सरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, आपल्याले ऊन लागते, त्याले नाही लागत काय?"

एप्रिल लागला आणि सर्व्हर रोज अडायला लागला. काम करता करता सगळे पडदे गोठत, आणि आम्ही ओरडायचो, "काका, गेला!" काका धावत आत जात, बंद करून चालू करत, आणि पंधरा मिनिटांत तो शुद्धीवर येई. दिवसातून तीनदा, चारदा. दुरुस्तीवाला येणार म्हणून काकांनी खोली पाहुण्यासाठी आवरावी तशी आवरली. तो वायरी बदलून गेला, फरक शून्य. "परक्या मानसाचं नाही आयकत तो," काका अभिमानाने म्हणाले. मला मात्र धडकी भरली होती. तिवस्याहून बसने येणारी, घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. लॅपटॉप नाही, शेवटच्या वर्षाचा सगळा प्रकल्प त्या डब्यात, आणि गुरुवारी तो परीक्षकांसमोर दाखवायचा.

नेमकं सोमवारी काकांना भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस अकोल्याला जावं लागलं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, दर घंट्यानं त्याचा दुपट्टा भिजवजो."

खोलीत गेले आणि पाहतच राहिले. सर्व्हरच्या तोंडाला चांगला चार पदरी ओला दुपट्टा बांधला होता, उन्हात निघताना आपण बांधतो तसा! विजेच्या वस्तूवर पाणी घालायची माझी छाती होईना. मी तो सोडून खुंटीला अडकवला आणि दोन दिवस अपराध्यासारखी बसून राहिले. आता अडेल, मग अडेल. तो एकदाही अडला नाही. मंगळवारी संध्याकाळी कारण लक्षात आलं आणि मी हादरलेच. थंड राहायला लागणारी हवा तो तोंडानेच, म्हणजे पुढच्या जाळीतून घेत होता. काका दुपट्टा भिजवायला सोडत, तेवढाच त्याला श्वास मिळे, आणि काकांचा पाण्यावरचा विश्वास वाढे. दुरुस्तीवाल्यासाठी खोली आवरताना तर त्यांनी तो काढूनच ठेवला असणार.

बुधवारी काका लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन आले. मी अडखळत सगळं सांगितलं.

"दोन दिवस? एकदाबी नाही?"

"एकदाही नाही, काका."

ते मटकन खुर्चीवर बसले. "अन् तो अडला का मी आणखी एक पदर वाढवो! म्हंजे मीच त्याचा गळा दाबून राह्यलो होतो वं?"

मग उठून ते स्वतःच सरांकडे गेले आणि सगळं सांगून आले. सर इतके चकित झाले, की रागवायचंच विसरले.

गुरुवारी माझा प्रकल्प न अडखळता चालला. परीक्षक "छान" म्हणाले. काका मात्र सकाळपासून लॅबमध्ये नव्हते. बाहेर आले तर ते व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीला टेकून उभे.

"काका, झालं! आत या ना."

"नाही वं माय," ते हळूच म्हणाले. "चालून राह्यला ना तो? चालू दे त्याले."