माझ्या मिक्सरचं खोकं

आमचे सासरे जन्मभर ट्रक चालवत आले. निवृत्त झाले तरी गल्लीत कुणाची गाडी खोकली, की हातातला चहा तसाच ठेवून खाली धावणार. मुलीच्या नव्या टर्बो गाडीचे तर काय लाड! रोज पहाटे पुसायची, गोंजारायची.

त्यांची मुलगी, म्हणजे माझ्या नणंदबाई, त्या गाडीतून दवाखान्यात पेशंट नेतात-आणतात. थंडी पडल्यापासून चढावर गाडीचा दम तुटू लागला. “पुन्हा रखडलात तर दुसरी गाडी बघू,” असं दवाखान्यानं बजावलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ताईंनी मला आणि सासऱ्यांना बसवलं आणि गाडी टेकडीच्या चढावर घातली.

पुढे एक ट्रॅक्टर रेंगाळत होता. ताईंनी गाडी बाजूला काढली, पाय दाबला, आणि गाडीनं अवसानच गाळलं. समोरून बस! ताईंनी कशीबशी गाडी परत ट्रॅक्टरच्या मागे घुसवली. बस काचा खडखडवत गेली.

वर थांबून ताईंनी गाडीशी जोडलेल्या मोबाइलवर इंजिनचे आकडे पाहिले. “बाबा, इंजिनात जाणारी हवा सत्तर डिग्री!”

“काहीतरीच! बाहेर दात वाजतायत.”

“टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते. पुढची रेडिएटरसारखी जाळी तिला गार करते. हवा गरमच राहिली तर गाडी आपणहून जोर कमी करते, इंजिन बिघडू नये म्हणून. पण जाळीला वारा का लागत नाहीये?”

सासरे हसले. “लागेल कसा? इंजिन गारठू नये म्हणून मी आतून पुठ्ठा लावलाय ना! ट्रकला दर हिवाळ्यात लावायचो.”

ताईंनी बॉनेट उघडून पुठ्ठा ओढून काढला. माझ्या मिक्सरचं खोकं! मापात कापलेलं, सुतळीनं बांधलेलं. त्यावरची बाई अजून हसत होती.

“हवा आत ओढायचं तोंडही झाकलंत, बाबा. गाडी बॉनेटखालचीच गरम हवा पीत होती.”

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, “मागे पेशंट असता तर?”

ताईंनी खोकं डिकीत टाकलं.

खाली उतरून ताईंनी पुन्हा तोच चढ घेतला. गाडी सरसर वर गेली. दवाखान्याचं काम टिकलं.

पण सासरे त्या गाडीला आता बोट लावत नाहीत. “बाबा, निदान काच तरी पुसा,” ताई ओरडतात.

“आधी तुझ्या मोबाइलला विचार,” म्हणतात, आणि ताई निघेपर्यंत लांबून पुढच्या जाळीकडे बघत राहतात.