अकरा नमुने रिकामे

"सुजाता, हा शेवटचा तुकडा. आता ब्लॉकमध्ये फक्त मेण उरलंय," लॅबमधला प्रकाश मला म्हणाला.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. हा माहुलच्या एका मावशींचा होता. फुप्फुसातली गाठ. जाण्याआधी त्यांनी स्वतःच संशोधनासाठी सही केली होती. अंधेरीतल्या आमच्या लॅबचं काम त्यातून मायक्रोआरएनए काढायचं. हे पेशीतले अगदी छोटे रेणू. कुठली गाठ लवकर पसरेल, याचा अंदाज कदाचित त्यांच्यावरून येईल, असा आमचा प्रोजेक्ट होता.

त्याआधीचे दहा जणांचे नमुने रिकामे आले होते, मायक्रोआरएनए सापडलंच नव्हतं.

मला एक शंका होती. आपण नमुन्यात अल्कोहोल मिसळून बारीक गाळणीतून फिरवतो. मोठे रेणू गाळणीला चिकटतात. अल्कोहोल कमी पडलं, तर छोटे खाली गळतात. आणि ते खालचं पाणी आपण टाकून देतो.

मी आमच्या लॅबप्रमुख मॅडमना म्हटलं, "या वेळी अल्कोहोल वाढवू या?"

"मध्येच प्रोटोकॉल बदललास तर आधीच्यांशी तुलना कशी करणार?"

"निदान खालचं पाणी तरी ठेवू?"

"आधी आहे ते नीट कर गं."

मी जुन्याच पद्धतीने केलं. प्रकाशने पाणी नेहमीसारखं टाकलं. अकरावाही रिकामा.

दुसऱ्या दिवशी न विचारता वेगळ्या, भरपूर शिल्लक असलेल्या ब्लॉकवर करून बघितलं. टाकायचं पाणी तपासलं. सगळं त्यातच होतं. अल्कोहोल वाढवल्यावर ते गाळणीवर थांबलं. मॅडमनी दोनदा ग्राफ बघितला.

"आजपासून असंच करा."

"आणि ते अकरा?"

"ते संपले ना."

आठवड्याभराने मावशींच्या मुलीचा, वनिताचा फोन आला. "ताई, आईचं काही सापडलं का?"

'अजून काम चालू आहे' असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"नाही. असणार त्यात. आमची पद्धत चुकली. आम्ही ते फेकलं."

"परत नाही होणार?"

"तुकडा उरला नाही गं."

"हॉस्पिटलमध्ये तो तुकडा काढायला सुई टोचताना किती ओरडली होती ती," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

नवी पद्धत आता नीट चालते. नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगते: निकाल रिकामा आला की नमुन्याला दोष देण्याआधी आपण काय टाकून दिलं ते बघा. आणि शंका आली, तर शेवटचा तुकडा संपायच्या आत भांडा.