अंतराळात दोरी कुठंय?

लोणच्याची बरणी भरली की वर्षभर पुरते, पण आमच्या गल्लीतले किस्से काही मावत नाहीत. एक संपायच्या आत दुसरा मुरायला लागतो. देवळाली प्रवऱ्यातली आमची गल्ली म्हणजे समोरासमोर नऊ घरं. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे मला माझ्या ओट्यावर बसून कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत! मी भोचक नसते तर हे सगळं तुम्हाला सांगितलं कोणी असतं?

तर यंदाचे सगळे किस्से एका पिक्चरमुळे साचले. अंतराळातला पिक्चर, मूळचा इंग्रजी, पण हिंदीत बोलणारा. आमची अख्खी गल्ली क्रूझर गाडी करून नगरला जाऊन तो बघून आली. हौस म्हणून नाही हो. शेजारच्या बबनतात्यांच्या सोनालीसाठी.

*

सोनाली पुण्यात नोकरी करते. काय नोकरी, हे तात्यांना वर्षभर कुणाला सांगता येईना. पारावर कुणी विचारलं, "तात्या, पोरगी काय करती?" की तात्या म्हणायचे, "कॉम्प्युटर." आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "जे काम बापाला सांगता येत न्हाई, ते कसलं काम? दसऱ्याला घरी ये. बीएडचा फॉर्म भर. मास्तरीन म्हनलं की समद्यांना कळतं!"

सोनाली रडकुंडीला आली. फोन स्पीकरवर होता आणि मी भिंतीच्या अलीकडं मिरच्या निवडत होते, म्हणून मला माहीत.

"तात्या, त्या नव्या पिक्चरमधी माझं काम हाय. बघा तर खरं!"

"काय केलंस त्यात?"

"ती मानसं हवेत तरंगत्यात ना, ती शूटिंगला दोरीनं टांगलेली असत्यात. त्या दोऱ्या मी पुसल्या. एकेक चित्र थांबवून."

"मंग त्या कुठं दिसतील?"

"न्हाई दिसनार! दिसल्या तर साहेब मला शिव्या घालंल."

तात्यांनी फोन कानापासून लांब धरला. "जे दिसत न्हाई, ते बघाया मी नगरला जाऊ?"

पण गेले हो. बापच तो.

*

थेटरात शिरताना एकेक काळा चष्मा दिला. तो लावला की पडद्यातलं सगळं अंगावर येतं. सुरुवातीलाच रॉकेट उडालं. काय सांगू तुम्हाला! खुर्ची हादरली, सगळ्यांची तोंडं भगवी झाली, आणि एवढा पांढरा धूर आला की मी पदर नाकाला लावला.

आमचे हे साखर कारखान्यात जन्मभर बॉयलरवर होते. उसाचं चिपाड जाळून वाफ करायची, हेच काम. अख्खं थेटर श्वास रोखून बसलेलं, आणि आमचे हे माझ्या कानात म्हणतात, "चिपाड वलं हाय त्यांचं. त्याबिगर इतका पांढरा धूर यायचा न्हाई!"

*

आमच्या गल्लीतल्या शांताबाईंचं माहेर शनिशिंगणापूर. तिकडं घराला चौकट असते, पण दार नसतं. शांताबाईंना अजून आमच्या घराची कडी लावलेली बघवत नाही.

पिक्चरमध्ये यानाबाहेर एक माणूस अडकतो आणि आतला मोठं लोखंडी दार लावायला घेतो. सगळे चिडीचूप. तेवढ्यात शांताबाई उभ्या राहून ओरडल्या, "अरं मेल्या! बाहेर मानूस हाय आन दार काय लावतो?"

मागून एक कॉलेजची पोरगी हळूच म्हणाली, "आजी, दार उघडं राहिलं तर आतली हवा निघून जाईल."

शांताबाई मागं वळल्या. "जाऊ दे की! हवा काय त्याच्या एकट्याची हाय व्हय?"

*

माझा भाऊ किसन काष्टीचा. तिथल्या बाजारात बैलांची दलाली करतो, जनावराचे दात मोजून वय सांगतो. पाहुणा म्हणून आला होता, त्यालाही कोंबला गाडीत.

पुढं त्या दुसऱ्या ग्रहावर एक जनावर निघतं. टेकडीएवढं, अंगावर निळे दिवे लुकलुकताहेत. ते थेट आपल्या तोंडासमोर येतं आणि जबडा फाडतं! मी समोरच्या माणसाच्या टकलावर दोन्ही हात ठेवून किंचाळले. पोरं खुर्चीखाली गेली. आमचा किसन मात्र पुढं वाकला, चष्मा वर केला आणि नीट न्याहाळून म्हणाला, "सहादाती हाय, आक्का. अजून लई वर्षं चालंल!"

पुढं पिक्चरमधला हिरो त्याच जनावरावर बसला. किसन म्हणाला, "पारखी हाय गडी."

*

आता तात्यांचं ऐका. सगळे ग्रह-तारे बघत होते, तात्या दोरी शोधत होते. माणसं तरंगायला लागली की हे उभे! चष्मा लावून बघायचे, काढून बघायचे. मागून आरडाओरडा, "ओ टोपीवाले, बसा खाली!"

बॅटरी घेऊन थेटरचा माणूस आला. "काका, काय हरवलंय?"

"दोरी."

"कसली दोरी?"

"बारीक आसंल. पोरीनं पुसलीय, पन एखादी ऱ्हायली आसंल."

त्या बिचाऱ्यानं काय समजायचं? त्यानं बॅटरी मारून खुर्च्यांखाली शोधायला सुरुवात केली. मध्यंतरापर्यंत त्याला एक रुमाल, दोन कानातली आणि कुणाचा तरी एक बूट सापडला. दोरी नाही!

*

पिक्चर संपला की आपल्याकडं कुणी थांबत नाही, गाडी काढायची घाई. पण आमची गल्ली बसून राहिली. शेवटी सगळ्या काम करणाऱ्यांची नावं येतात, हे मला टीव्हीमुळं ठाऊक होतं. सोनालीची आई मंदाकाकू हात जोडून बसल्या होत्या.

नावं आली, पण ती इंग्रजी, मुंगीएवढी, आणि धावत सुटलेली. गल्लीत त्या दिवशी इंग्रजीला मीच पुढं, माझी सातवी झालीय. एस दिसला की मी ओरडायचे, "आली! सोनाली आली!" आणि आमचे सगळे टाळ्या वाजवायचे. सात-आठ वेळा वाजवल्या. घरी येऊन फोन केला तेव्हा कळलं की सोनालीचं नाव त्यात नव्हतंच. फक्त तिच्या ऑफिसचं होतं.

मी ओशाळले. मंदाकाकू म्हणाल्या, "जाऊ दे गं. कुनाच्या तरी लेकरांसाठीच वाजल्या ना टाळ्या? वाया न्हाई गेल्या."

तात्यांनी मात्र फोन हातात घेतला. मग म्हणाले, "नाव न्हाई, काम दिसत न्हाई. सोने, दसरा लांब न्हाई आता."

 

*

दसऱ्याला आठवडा राहिला. मी तात्यांच्या रानात कोथिंबीर आणायला गेले होते. (कोथिंबीर माझ्या परड्यातही आहे, पण तिकडं बोलणं चाललेलं दिसलं.) मंदाकाकू कांद्याचं रान खुरपून नुकत्या उठल्या होत्या, कंबर धरून.

"अवो," त्या म्हणाल्या, "म्या सकाळधरनं खुरपतीय. दावा बरं, तन कुठं हाय?"

तात्यांनी वाफ्यांवर नजर फिरवली. "कुठं बी न्हाई."

"मंग म्या काय काम केलं?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मी उगाच कोथिंबिरीची एक काडी पाच वेळा निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून एसटी स्टँडकडं निघालेले दिसले. मागं मंदाकाकू. त्यांच्या मागं मी. कुणी 'चला' म्हटलं नव्हतं, पण कुणी 'नको' तरी कुठं म्हटलं होतं?

*

नगरचं तेच थेटर, बाराचा शो. पिक्चर त्याच आठवड्यात उतरणार होता, थेटरात आम्ही धरून दहा-बारा डोकी. तात्या थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले. मान वर करून, तोंड उघडं, जसं विहिरीत वाकून बघावं तसं ते आभाळात बघत होते.

पाच माणसं एकदम तरंगत येतात तो सीन आला. निळा ग्रह खाली फिरतोय, त्यांच्या हातांतून पाण्याचे मोठाले थेंब सुटून मोत्यासारखे चाललेत. तात्या खुर्चीच्या कडेला आले. एकेका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. काही नाही. तात्या हळूच मागं टेकले.

त्याच्यानंतरच्या सीनला मात्र टुणकन उठले! "सापडली! मंदे, ती बघ! त्या तांबड्या कपड्यावाल्याच्या कमरंला!"

मी चष्मा पुसून बघितलं. खरंच होती हो! केसाएवढी बारीक रेघ, तो माणूस वळला तशी चमकली आणि गेली. मला आनंद झाला, पण मंदाकाकूंचा चेहरा पडला. दोरी दिसली तर शिव्या पडतात, हे पोरीनंच सांगितलं होतं ना! त्या तात्यांचा सदरा ओढायला लागल्या, "नका सांगू तिला! आवो, नका ना!"

पण तात्यांनी फोन लावलासुद्धा. तिथंच, पडद्यापुढं उभं राहून. स्पीकर चालू.

"सोने! दोरी सापडली!"

पलीकडं ती एकदम घाबरली. "कुठल्या सीनला, तात्या?"

"तांबडे कपडे, एकटाच हाय. डावीकडं वळतोय बघ."

मागच्या रांगेतले लोकसुद्धा पिक्चर सोडून आमच्याकडं बघायला लागले.

"तो माझा न्हाई, तात्या," सोनाली म्हणाली. "तो आमच्या हापिसातल्या एका पोराकडं हुता. माझा त्याच्या आधीचा. पाच जन तरंगत्यात तो."

"पाच जनांचा? पान्याचे थेंब हायेत तो?"

"व्हय."

"त्यात म्या लई बघितलं."

"मंग?"

तात्या पडद्याकडं बघत राहिले. निळा उजेड त्यांच्या टोपीवर पडला होता. मग त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि सगळ्या थेटरला ऐकू जाईल असं म्हणाले,

"त्या पोराच्या बापाला म्हनावं, दसऱ्याला त्याला घरी घिऊन जा. तू बस तिथंच!"