पहिल्या उद्गाराची अदलाबदल

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू येशू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. कोणी कशावर बोलायचं हे पाळकसाहेब ठरवत नाहीत. दोन रविवार आधी टेबलावर सात चिठ्ठ्या ठेवतात आणि ज्याच्या हाताला जी येईल ती त्याची. त्या वर्षी मला पहिली आली. खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा कर, अशी येशूने देवबापाला केलेली विनवणी.

मी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे माझा थोरला भाऊ बसला होता. सहा वर्षं आम्ही एका छपराखाली उपासनेला येत होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो.

माझा धंदा जुन्या यंत्रमागांचा. बंद पडलेल्या कारखान्यांतून माग घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे, नाहीतर भंगारात काढायचे. सोलापुरात अक्कलकोट रोडला एक माग उधारीवर घेऊन सुरुवात केली होती, आज स्वतःचं गोडाऊन आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात मी भिवंडीला माग बघायला गेलो होतो आणि इकडे वडील गेले. फोन आला तसा निघालो. सोलापूरच्या अलीकडे मोहोळ ओलांडल्यावर भावाला फोन केला, "थांब, तासाभरात पोचतो." तो म्हणाला, "ये." मी पोचलो तेव्हा लोक कबरस्तानातून बाहेर पडत होते. कबर बुजवून झाली होती. घरच्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली होती, फक्त माझी राहिली. ऊन फार होतं, असं नंतर लोकांनी सांगितलं. भावाने काहीच सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एखादेवेळी मी गिळलं असतं. महिन्याभराने कबरीवर लाकडी क्रूस उभा राहिला. वडील तरुणपणी हातमागावर विणायचे. तो माग घरात मागच्या खोलीत होता. भावाने तो मोडला आणि त्याच्या दोन दांड्यांचा क्रूस केला. ज्याने आयुष्यभर माग घेतले आणि विकले, त्याला न विचारता त्याच्याच बापाचा माग मोडला. मी त्याच आठवड्यात काळ्या ग्रॅनाइटचा क्रूस करून घेतला, वडिलांचं नाव कोरून. पण तो बसवायचा तर भावाशी बोलावं लागणार. म्हणून सहा वर्षं तो गोणपाटात गुंडाळून गोडाऊनच्या भिंतीला टेकलेला होता. येता-जाता दिसायचा आणि माझं डोकं तापायचं.

तर ही चिठ्ठी मला नको होती. मी चौकशी केली. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे' हा, निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या बाईंना आला होता. तहानेवर मी झोपेतसुद्धा बोलू शकतो. सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, विषय कुठून आणायचा? मी बाईंना चर्चच्या पायरीवर गाठलं.

"बाई, पहिला उद्गार तुम्हाला शोभतो. शाळेत किती पोरं माफ केली असतील तुम्ही."

"माफ कुठली? बाकावर उभी केली. तूही उभा होतास."

"तेच म्हणतो. मला तहान द्या, तुम्ही क्षमा घ्या. तुमचा शब्द माणसं ऐकतात."

"आणि तुझा का नाही ऐकत?"

"मी बोललो की लोकांना वाटतं, हा काहीतरी विकतोय."

बाई हसल्या. "बघू," म्हणाल्या.

धंद्यात समोरचा "बघू" म्हणाला की त्याचा अर्थ नाही, हे मला माहीत आहे. कित्येकांना मी स्वतः "बघू" सांगून दारातून परत लावलं आहे. पण मला ती अदलाबदल इतकी हवी होती की त्या एका शब्दाला मी होकार समजलो. पाळकसाहेबांना सांगायचंही राहिलं. घरी जाऊन तहानेवर दोन पानं लिहून काढली.

झोप मात्र लागेना. आठवडाभर मी कामगारांवर उगाच खेकसत होतो. बायको म्हणाली, "चिठ्ठी बदलली ना, मग आता काय झालं?" लहानपणापासून मी वधस्तंभ म्हणजे पुरा झालेला व्यवहार समजत होतो. आपल्या पापांची किंमत प्रभूने मोजली, आपण सुटलो, विषय संपला. गोडाऊनच्या दारावर क्रूस आहे, गाडीच्या काचेजवळ आहे, गळ्यात आहे. त्यात अवघड काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता तो पहिला उद्गार डोक्यातून जात नव्हता. तिथे खाली उभ्या असलेल्यांपैकी क्षमा मागितली कोणी? कोणीच नाही. हातोडा अजून चालू होता. मी तर समोरच्याने मागितल्याशिवाय आयुष्यात कधी भाव उतरवला नाही. आधी त्याने तोंड उघडायचं, मग मी बघणार. भावाच्या बाबतीतही माझं तेवढंच म्हणणं होतं. त्याने यावं, एकदा म्हणावं. यात माझं काय चुकलं?

उत्तम शुक्रवारी सगळे उपाशी. पंखे गरम हवा फिरवत होते. पहिलं गीत झालं आणि पाळकसाहेबांनी कागद पाहून पहिल्या उद्गारासाठी माझं नाव घेतलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर लिहिलेला कागद होता आणि त्या माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या. बाकावर उभं केलेल्या पोराकडे पाहायच्या तशाच.

मी पुलपिटवर, प्रवचनाच्या उंच ओट्यावर, गेलो. खिशात तहानेची दोन पानं. समोर तिसऱ्या बाकावर भाऊ, मान खाली. मी खोटं बोलू शकलो असतो. गोड बोलणं हा माझा धंदा आहे. पण जीभ उचलेना.

"मला हा उद्गार नको होता," मी म्हणालो. "मी तो बदलून घ्यायला गेलो होतो. जमलं नाही. याच्यावर बोलायची माझी लायकी नाही. एका माणसाने माझ्याकडे क्षमा मागावी म्हणून मी सहा वर्षं थांबलोय. वधस्तंभावर प्रभू थांबला नाही. कोणी मागायच्या आधीच त्याने देऊन टाकली. असं कसं करायचं ते मला येत नाही. एवढंच."

आणि मी खाली आलो. दोन मिनिटंही झाली नसतील. मागे कोणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. पाचव्या उद्गाराला बाई उठल्या आणि नळाच्या पाण्यावर माझ्यापेक्षा बरं बोलल्या.

तीन वाजता लोक बाहेर आले. भाऊ चप्पल शोधत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. आवाज चढाच निघाला.

"उद्या सकाळी कबरस्तानात ये. दगड बसवायचाय."

"कुटला दगड?"

"ग्रॅनाइटचा. क्रूस. सहा वर्षं झाली करून."

त्याने चप्पल पायात सरकवली. "लाकडाचा हाय की तितं."

"ये," मी म्हणालो आणि गाडीकडे गेलो.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात कबरी साफ करतात, चुना लावतात, कारण रविवारी पहाटे सगळे तिथे जमतात. शनिवारी सकाळी मी टेम्पोत दगड घालून पोचलो तेव्हा भाऊ आधीच गवत उपटत बसला होता. शेजारी कुदळ होती. लाकडी क्रूस एका बाजूला कलला होता.

"वाळवी लागलीय याला," मी म्हणालो.

"लागू दे."

"दोन पावसाळे काढायचा नाही हा. दगड शंभर वर्षं राहील."

"ऱ्हाईल. पर त्यो दादांचा न्हाय." वडिलांना आम्ही दोघं दादाच म्हणायचो. "हाच्यावर त्येंचा हात फिरलाय."

मी वाकून बघितलं. आडव्या दांडीच्या कडेला सुतानं घासून पडलेली बारीक खाच होती. लाकूड कशाने झिजलं हे मला कोणी सांगायला नको. पण माग मला न विचारता मोडला होता, ते त्या खाचेने भरून निघत नव्हतं.

"तू थांबला नाहीस," मी म्हणालो.

भावाने हातातलं गवत टाकलं. "न्हाय थांबलो."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. सौद्यात मी असाच गप्प राहतो, समोरच्याला बोलावंच लागतं. ऊन चढत होतं. तो कबरीकडे पाहत होता. चुकलं असं म्हणाला नाही, ऊन होतं असंही म्हणाला नाही. बोलणार नाही हे मला कळलं, आणि राग आला, आणि मी कुदळ उचलली.

"सरक," मी म्हणालो. "सरळ तरी करू दे याला."

लाकडी क्रूस काढून आम्ही खड्डा हातभर खोल केला. वाळवीने खाल्लेलं टोक मी टेम्पोतल्या करवतीने कापलं, त्याला काळं तेल लावलं. क्रूस आधीपेक्षा बुटका झाला. भावाने तो खड्ड्यात उभा धरला. मी माती लोटायला फावडं घेतलं, तेव्हा तो म्हणाला, "फावड्यानं नगं. आदी तू हातानं टाक."

मी गुडघ्यावर बसलो. माती कोरडी होती, बोटांतून गळत होती. एक मूठ टाकली, दुसरी टाकली. तिसरी बराच वेळ हातातच धरून ठेवली. भाऊ दोन्ही हातांनी क्रूस सरळ धरून उभा होता, घाई कर म्हणाला नाही. यावेळी थांबला.

मग मी ती टाकली.

ग्रॅनाइट परत गोडाऊनला नेला. तो अजून तिथेच आहे.